खडबडीत अंगाची गिटार आणि नागपूरचा मे महिना

इलेक्ट्रिक गिटार घेणाऱ्याला पूर्वी रंगाचा प्रश्न फारसा पडत नसे. काळी, लाल नाहीतर सनबर्स्ट, आणि तिन्ही चकचकीत. आता वेगळाच माल समोर येतो. लाकडाच्या रेषा उठून बोटाला लागतात अशा बॉड्या, भेगाळलेला रंग, जाळून काळं केलेलं लाकूड, गंजल्यासारखा पत्रा, हातोडीने ठोकल्यासारखा राखाडी मुलामा. नागपूरच्या रामदासपेठेत क्लासला येणाऱ्या पोरांपासून ते शेजारच्या धंतोलीत दिवसभर पेशंट तपासून रात्री दहानंतर गिटार हातात घेणाऱ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: दिसते तर जबरदस्त, पण घ्यावी का?

घ्यायला हरकत नाही, मात्र फोटो बघून ठरवू नका. गिटार वाजवताना ती तुमच्या अंगाला तीन ठिकाणी घासते. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग बॉडीच्या वरच्या कडेवर टेकतो, बॉडीची पाठ पोटाला लागते आणि नेकची पाठ डाव्या तळव्यात सरकत राहते. ही तीन ठिकाणं गुळगुळीत असतील तर उरलेल्या अंगावर कुठलाही खेळ चालतो. यातलं एखादं ठिकाण खरखरीत असेल, तर गिटार कितीही देखणी असो, दोन महिन्यांत ती भिंतीला टांगलेली दिसेल. डावखुऱ्यांनी हात उलटे समजावेत.

आधी आवाजाचा विषय उरकून टाकू, कारण त्यावर वाद घालणाऱ्यांना अंत नसतो. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप तारेची हालचाल चुंबकाने टिपतो. बॉडीवरचा रंग गुळगुळीत आहे की खडबडीत, याने आवाजात पडणारा फरक तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरची एक खुंटी किंचित फिरवण्यापेक्षा कमी असतो. अपवाद दोन. ब्रिज जिथे बॉडीवर बसतो ती जागा आणि नेक जिथे स्क्रूने कसली जाते ती खाच. इथे जाड किंवा उंचसखल थर आला तर ब्रिज डुगडुगतो, नेकचा कोन बदलतो आणि मग तारा कुठे उंच, कुठे फ्रेटला घासणाऱ्या. आवाज बिघडला असं वाटतं ते बहुतेक वेळा यामुळे.

ही हौस तशी नवीही नाही. अमेरिकेतली ग्रेच कंपनी गिटारींबरोबर ड्रमही बनवायची. ड्रमच्या कडेला गुंडाळायचा चमचमता प्लास्टिकचा पत्रा तिने १९५० च्या दशकात गिटारच्या तोंडावर चिकटवला. इटलीतली एको आणि स्वीडनची हॅगस्ट्रॉम यांच्या मागे अ‍ॅकॉर्डियनचा धंदा होता, त्यामुळे त्यांच्या सुरुवातीच्या गिटारींवर अ‍ॅकॉर्डियनवरचंच मोतिया आणि चमकीचं सेल्युलॉइड चढलं. डॅनइलेक्ट्रोवाल्यांनी लाकडी चौकटीवर हार्डबोर्ड ठोकला आणि कडा झाकायला रेक्झिनसारखी पट्टी लावली. तिथे शोभेपेक्षा काटकसर जास्त होती, पण आज तीच पट्टी त्या गिटारची ओळख झाली आहे. १९६८ मध्ये फेंडरने टेलिकास्टरवर चक्क भिंतीला लावायचा कोयरीच्या नक्षीचा चिकट कागद लावला आणि त्यावर पारदर्शक थर मारला. त्या जुन्या गिटारी आज पाहिल्या तर कागदावरचा जाड थर बऱ्याच ठिकाणी तडकलेला दिसतो. कागद, चिकटद्रव्य, लॅकर आणि लाकूड हे चौघं उन्हाळ्या-हिवाळ्यात वेगवेगळ्या मापाने आकसतात आणि फुगतात. भांडण वरच्या थरावर उमटतं. बॉडीवर कापड किंवा कागद चिकटवून घ्यायचा विचार असेल तर हे लक्षात असू द्या. १९८८ मध्ये आलेल्या स्टीव्ह वायच्या आयबानेझ जेमवर फुलाफुलांचं कापड लावलं होतं आणि ते छान टिकलं, पण ते कारखान्यात, नियंत्रित हवेत, कापड पूर्ण बुडेल इतके थर देऊन केलेलं काम होतं. गल्लीतल्या शेडमध्ये तसं जमेलच असं नाही.

आता सध्या दुकानांत दिसणाऱ्या एका प्रकाराकडे येऊ: वाळूचा मारा केलेलं लाकूड. ईएसपीच्या एलटीडी मालिकेत आणि पीआरएसच्या एसई मालिकेतही असे नमुने आले आहेत. हे कसं होतं ते समजून घेतलं तर चांगलं-वाईट ओळखायला सोपं जातं. अ‍ॅश नावाच्या लाकडात दर वर्षाच्या कड्याचे दोन भाग असतात. हंगामाच्या सुरुवातीला झपाट्याने वाढलेला भाग मऊ आणि भोकाभोकांचा, नंतर सावकाश वाढलेला भाग कडक. दाबाने वाळू मारली की मऊ भाग झिजून खाली जातो आणि कडक रेषा कण्यासारख्या वर राहतात. मग काळा रंग मारून वरची टोकं पुसतात किंवा उलट, खळग्यांत दुसरा रंग भरतात. चांगल्या कामात नख रेषेला आडवं ओढलं तर प्रत्येक रेष मोजता येते, पण कुठेही नख अडकत नाही. वाईट कामात रेषांच्या टोकाला बारीक कुसं उभी राहतात आणि बाहीचा धागा ओढला जातो. हे तपासायला सुती कुर्ता घालून जा. बाही बॉडीच्या वरच्या कडेवरून दोनदा मागेपुढे फिरवा. धागा अडकला तर गिटार तिथेच ठेवा.

सगळ्या खडबडीत प्रकारांत हा प्रकार मला सर्वांत आवडतो, कारण इथे खडबडीतपणा लाकडाचाच असतो, वरून थापलेला नसतो. तो सोलून निघत नाही. झिजला तर सारखा झिजतो आणि झिजल्यावरही बरा दिसतो. अडचण एवढीच की अ‍ॅश महाग होत चाललंय. अमेरिकेत एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाच्या किड्याने ही झाडं पोखरली आणि २०२० मध्ये फेंडरनेही आपल्या नेहमीच्या मालिकांतून अ‍ॅशचा वापर कमी करत असल्याचं जाहीर केलं.

पण नागपूरकराला लाकडासाठी मिसिसिपीच्या खोऱ्याकडे बघायची गरज काय? सी.पी. टीक म्हणून जे सागवान देशभर ओळखलं जातं ते आपल्याच जंगलांतलं. बल्लारपूर-आलापल्लीचं सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं. सागालाही अ‍ॅशसारखी कडी असतात, सुरुवातीचा भाग मोठ्या छिद्रांचा आणि नंतरचा घट्ट. पितळी तारांचा ब्रश रेषेच्या दिशेने दाबून चालवला तर वाळू न मारताही रेषा उठतात. हौशी माणसाला घरी करता येईल असं हे काम. दोन गोष्टी मात्र सांभाळा. साग हलक्या अ‍ॅशपेक्षा जड असतो, त्यामुळे पूर्ण सागवानाची बॉडी तासभर उभ्याने वाजवताना खांदा भरून येईल. मागून पोकळ्या कोरून घ्याव्या लागतात. आणि सागाच्या अंगात तेल असतं. रंग किंवा पॉलिश त्यावर नीट धरत नाही, महिन्याभरात पापुद्रा सुटतो. म्हणून पहिला हात मारण्याच्या अगदी आधी थिनरने बॉडी पुसून घ्या आणि मग चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, पातळ हात द्या. मेण काढलेला चपडा तेलकट लाकडावरही धरतो आणि त्याच्यावर दुसरं काहीही धरतं. पळसावर पोसलेली लाख गोंदिया-भंडाऱ्याकडून येते, तेव्हा हा मालही घरचाच. फक्त शेवटचा हात म्हणून चपडा ठेवू नका. उन्हात तो मऊ पडतो आणि घामट हाताखाली पांढुरका होतो.

लाकूड जाळून करायच्या फिनिशबद्दल थोडक्यात: जपानी घरांच्या फळ्या अशा जाळून टिकाऊ करतात, त्यावरून ही कल्पना गिटारीत आली. कोऱ्या लाकडावरच करा. जुनी, रंगवलेली बॉडी बर्नरखाली धरू नका. पॉलिएस्टरचा धूर छातीला चांगला नाही आणि रंग जळण्याऐवजी फुगून येतो. जाळल्यावर काजळी घासून पूर्ण काढली नाही आणि वर थर दिला नाही, तर पांढऱ्या शर्टावर गिटारचा नकाशा उमटेल.

भेगाळलेल्या रंगाची फॅशन १९८० च्या दशकातली. शार्व्हेल, जॅक्सन, क्रेमर यांच्या गिटारींवर काळ्या जमिनीवर पिवळ्या-लाल भेगा असत. आता ती परत आली आहे. याचं गुपित असं की खालचा थर सावकाश वाळणारा आणि वरचा चटकन वाळून आकसणारा असतो. वरचा थर आकसताना फाटतो आणि खालचा रंग डोकावतो. वरचा थर जाड असेल तर भेगा मोठ्या आणि मोजक्या, पातळ असेल तर बारीक जाळी. दिसायला ते फार छान असतं, पण प्रत्येक भेगेला दोन कडा असतात आणि प्रत्येक कड म्हणजे रंग सुटायला एक जागा. त्यामुळे भेगांवर पारदर्शक थर भरून पृष्ठभाग सपाट केलेली गिटारच घ्या. तशी असेल तर भेग डोळ्यांना दिसते, हाताला लागत नाही. खालच्या कडेवर, जिथे स्टँडला टेकते तिथे, अंगठ्याने दाबून बघा. चुरा निघाला तर पुढचं बोलायला नको.

पाण्यावर रंग तरंगवून त्यात बॉडी बुडवायची, म्हणजे रंगाचे भोवरे जसेच्या तसे लाकडावर चिकटतात, हा प्रकार १९९० च्या सात तारांच्या आयबानेझ युनिव्हर्सने प्रसिद्ध केला. अमेरिकन रॉकवाल्यांना हे फार नवं वाटलं. पण आपल्या शेजारच्या विजापुरात सतराव्या शतकात अबरीने, म्हणजे पाण्यावर तरंगवलेले रंग कागदावर उतरवून, चित्रं केली जात होती. हाडं वर आलेल्या घोड्याचं आणि त्याच्या स्वाराचं तसलं एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तत्त्व तेच. या फिनिशला खरं तर खडबडीत म्हणता येणार नाही, वरून भरपूर पारदर्शक थर असतात. टिकायला उत्तम. मुलाला काहीतरी हटके हवंय आणि तुम्हाला झंझट नको, तर मधला मार्ग म्हणून हा सुचवेन.

धातूच्या गिटारींची गोष्ट वेगळी. इंग्लंडमध्ये टोनी झेमायटिसने १९७० च्या सुमाराला गिटारच्या तोंडावर धातूचा पत्रा बसवला तो पिकअपची गुणगुण अडवण्यासाठी. शोभा नंतर आली. बंदुकींवर नक्षी कोरणाऱ्या डॅनी ओब्रायनने त्या पत्र्यांवर कोरीव काम केलं आणि रॉनी वुडसारख्यांच्या हातात त्या गाजल्या. लॉस एंजेलिसला जेम्स ट्रुसार्टने पोलादाच्या पोकळ बॉड्या मुद्दाम गंजवून, गंज थांबवून, त्यावर मॅट थर दिला. आपल्याकडे या गिटारी क्वचितच दिसतात. दिसतात त्या गंजासारख्या रंगवलेल्या लाकडी गिटारी किंवा तांब्याचा वर्ख लावलेल्या. खरा धातू वरून असेल तर तो तारांबरोबर अर्थ झालेला आहे की नाही हे तपासून घ्या. आणि गिटार कुठलीही असो, घरातला तीन पिनी सॉकेट खरंच अर्थ झालेला आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. जुन्या वायरिंगच्या घरात तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. अशा सॉकेटवर अ‍ॅम्प्लिफायर, दुसऱ्या सॉकेटवर माइक, आणि ओठ माइकला लागले की बसणारा झटका ज्याने खाल्लाय तो पुन्हा विसरत नाही. धातूच्या अंगाच्या गिटारीत हात जास्त जागी धातूला लागतो, एवढाच तिथे फरक.

आता आपल्या हवेचं. नागपुरात गिटार सांभाळणं म्हणजे दोन वेगळ्या देशांत राहणं आहे. २०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता. ३० मे २०२४ ला तर रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या शेतात बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवून देशभर खळबळ उडवली. नंतर तो सेन्सरचा दोष ठरला, पण नागपूरकरांपैकी कोणाला तो आकडा अगदीच अशक्य वाटला असेल, असं मला वाटत नाही. मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांखाली उतरते आणि ऑगस्टमध्ये ८० च्या वर जाते. गिटारला मानवते ती ४५ ते ५५. वर्षाकाठी एवढा झोका खाणारं लाकूड हलणारच.

चकचकीत जाड थराच्या आत लाकूड हळूहळू श्वास घेतं. उघड्या छिद्रांच्या, पातळ थराच्या खडबडीत गिटारीत ओलावा भराभर आत-बाहेर होतो. म्हणजे तुमची वाळू मारलेली आवडती गिटार मेमध्ये लवकर सुकेल आणि जुलैत लवकर फुगेल. उपाय सोपा आहे. वर्षातून दोनदा, मे अखेर आणि पावसाळा मुरल्यावर, नेकमधली सळई, म्हणजे ट्रस रॉड, बघून घ्या आणि मधल्या काळात गिटार केसमध्ये ठेवा. भिंतीवर टांगलेली गिटार फोटोत छान दिसते, पण पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका. नागपुरात ती भिंत रात्री अकरालाही गरम असते.

यात एक खास आपलं प्रकरण म्हणजे कूलर. खिडकीत वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर सुरू केला की खोलीत बाहेरच्या कोरड्या हवेऐवजी दमट गार वारा येतो. गिटार कूलरच्या तोंडासमोर उभी असेल तर तासभर ओली हवा, मग वीज गेली की दोन तास भट्टी. भेगाळ रंगाचे पापुद्रे सुटायला याहून चांगली सोय नाही. कूलरच्या वाऱ्याच्या रेषेत गिटार ठेवू नका, आडोशाला ठेवा. एसीवाल्यांचा त्रास कमी आहे, पण एसीतून काढून थेट बाहेर व्हरांड्यात नेलेल्या लॅकरच्या गिटारीला बारीक तडे जातात. केस बंद ठेवूनच बाहेर न्या आणि पंधरा-वीस मिनिटं थांबून उघडा. मेमध्ये बंद गाडीच्या डिकीत गिटार ठेवून सेंट्रल बाजार रोडवर अर्ध्या तासाचं काम उरकायला जाणाऱ्यांना मी काही सांगत नाही. नेकचं सरस सांगेल.

स्टँडचं रबर हाही उन्हाळ्यातला शत्रू. नायट्रोसेल्युलोज लॅकरला रबर आणि विनाइल खातं आणि उष्णतेत ते लवकर होतं. महागड्या, जुन्या पद्धतीच्या फिनिशवर हा धोका जास्त. स्टँडच्या बाहूंना सुती कापड गुंडाळा. पॉलियुरेथेनच्या गिटारींना सहसा काही होत नाही.

घाम आणि धूळ. सिमेंट रस्ते झाले, उड्डाणपूल झाले, पण त्यांच्या कामाची पांढरी धूळ रामदासपेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरही येते. गुळगुळीत गिटार फडक्याने पुसली की झालं. खडबडीत गिटारीच्या खळग्यांत धूळ बसते, तिच्यावर घाम बसतो आणि वाळून राखाडी लेप होतो. फडकं तिथे पोचत नाही. दाढीचा मऊ ब्रश किंवा चित्रकलेचा रुंद ब्रश घ्या, रेषेच्या दिशेने झाडा, मग किंचित ओलं फडकं, मग कोरडं. सिलिकॉनचं पॉलिश, गाडीचं पॉलिश, फर्निचरचा स्प्रे यातलं काहीही मॅट किंवा उघड्या छिद्रांच्या फिनिशवर मारू नका. डागाडागांची चकाकी येते आणि पुढे कधी रंगवायचं म्हटलं तर त्यावर रंग धरत नाही. हात घसरतो म्हणून घामोळ्यांची पावडर तळव्याला लावून वाजवणारे बरेच असतात. काळ्या वाळूमारीच्या गिटारीत ती पावडर शिरली की उभ्या जन्मात निघत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत किंवा धुळवडीला वाजवायचं असेल तर दुसरी, जुनी, चकचकीत गिटार न्या. उघड्या छिद्रात गेलेला गुलाल हा कायमचा सोबती असतो.

मॅट फिनिशबद्दल दुकानदार सहसा सांगत नाहीत ते इथे सांगतो. जिथे हात घासतो तिथे मॅट हळूहळू चकचकीत होत जातं. वर्षभरात कोपराखाली एक तुकतुकीत चकंदळ तयार होतं. मला ते आवडतं, तुम्हाला नाही आवडलं तर मॅट घेऊ नका. उलट नेकच्या पाठीवर मात्र मॅट हवंच, विशेषतः आपल्या हवेत. चकचकीत नेक घामाने हाताला चिकटते. असलेली नेक घासून मॅट करायची असेल तर बारीक स्कॉच-ब्राइटने लांबीच्या दिशेने हलके हात फिरवा. स्टील वूल वापरणार असाल तर आधी पिकअपवर टेप लावा. लोखंडाचा कीस चुंबकाला जाऊन चिकटला की पिकअप कुरकुर करतो आणि तो कीस काढणं म्हणजे तासाभराची शिक्षा.

असलेली गिटार इथेच रंगवून घ्यायची झाली तर? फर्निचरचा डको मारणारा चांगला कारागीर नागपुरात सापडतो आणि त्याला कमी लेखू नका. फेंडरचे जुने खास रंगसुद्धा ड्युपाँटच्या मोटारींसाठी केलेल्या ड्युको आणि ल्युसाइट रंगांतलेच होते. रंगाच्या रसायनाबद्दल खोलात शिरायचं तर अमरावती रोडवरच्या १९४२ पासूनच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आताच्या एलआयटी विद्यापीठात, सरफेस कोटिंगचं रीतसर शिक्षण दिलं जातं. ओळखीतलं एखादं तिथलं पोरगं असेल तर त्याला चहा पाजून दोन प्रश्न विचारायला हरकत नाही.

कारागिराकडे जाताना बॉडीचा एक तुकडा, निदान त्याच लाकडाची फळी, सोबत न्या आणि नमुना आधी त्यावर करून घ्या. 'वैसाच करून देतो ना भाऊ' यावर विसंबू नका. हातोडीठोक फिनिश, जे लेथ मशीनवर आणि लोखंडी कपाटांवर दिसतं, ते हवेवर वाळणाऱ्या हॅमरटोन रंगाने लाकडावर होतं. पावडर कोटिंग मात्र हिंगणा एमआयडीसीत कितीही स्वस्त मिळालं तरी लाकडाच्या बॉडीवर करायचं नाही. त्याची भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते. डीजेच्या स्पीकर पेट्यांवर मारतात तो दाणेदार काळा रंग फार टिकाऊ आहे, पण तो अंगाला घासला तर किसणी आहे. तो फक्त समोरच्या बाजूला मारून कडा आणि पाठ साध्या काळ्या ठेवल्या तर मस्त दिसतो.

हंगामही निवडावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर मारलं की हवेतलं पाणी थरात अडकतं आणि रंग पांढुरका पडतो. मेमध्ये उलट, गनमधून निघालेला थेंब बॉडीपर्यंत पोचायच्या आत थिनर उडून जातो आणि पृष्ठभागावर कोरडी भुकटी बसते. न मागता खडबडीत फिनिश मिळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे नागपुरात रंगकामाचे महिने. रंग हाताला सुकला तरी आतून पक्का व्हायला आठवडे लागतात. दुसऱ्या दिवशी ब्रिज कसला तर वॉशरचा गोल ठसा कायमचा उमटेल.

कारागिराला तीन जागा टेपने झाकायला सांगा: नेकची खाच, पिकअपच्या पोकळ्यांतली वायर आणि ब्रिजच्या खालची जागा. ब्रिजला जोडलेली अर्थची तार रंगाखाली गाडली गेली तर गिटार माशीसारखी गुणगुणत बसेल आणि दोष पिकअपला दिला जाईल. दोन घटकांचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, मारणार असेल तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. साधा रुमाल चालत नाही, कार्ट्रिजचा मास्क लागतो. हे काम घराच्या गच्चीवर पोरांनी करायचं नाही. तीच गोष्ट कोरड्या वाळूच्या माऱ्याची. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

यातलं काहीच पेलणारं नसेल तर विनाइल आहे. बाइकवर रॅप लावणारे लोक कार्बन फायबरचा, चामड्याचा, घासलेल्या स्टीलचा पोत असलेलं विनाइल विकतात. पॉलियुरेथेनच्या गिटारीवर ते लावता येतं आणि हेअर ड्रायरने गरम करून काढता येतं. नायट्रोच्या गिटारीवर लावू नका, काढताना रंगही सोबत येईल. अजून स्वस्त उपाय म्हणजे फक्त पिकगार्ड बदलणं. पोत असलेला पिकगार्ड लावला तर हौस भागते, गिटार जशीच्या तशी राहते आणि कंपनीची वॉरंटीही शाबूत. बॉडीला हात लावला की वॉरंटी गेलीच समजा.

विकायची वेळ आली तर खडबडीत गिटारचं गिऱ्हाईक कमी असतं. सेकंड हँड बाजारात काळी आणि सनबर्स्ट लवकर जातात; गंजाचा रंग ज्याला हवा तो कधीतरी भेटतो, पण तुमच्या घाईच्या वेळी नाही. म्हणून पहिली गिटार असेल तर साधी घ्या. वाजवणं टिकलं तर दुसरी घेताना मनासारखी घ्या. दहावी-बारावीच्या मुलाच्या हट्टापायी पहिल्याच गिटारीला जळक्या लाकडाचे पैसे मोजणाऱ्या पालकांना माझा सल्ला असा की त्या फरकात एक बरा अ‍ॅम्प्लिफायर आणि हेडफोन घ्या. शेजारी दुवा देतील.

ऑनलाइन मागवलीच तर खोकं उघडताना मोबाइलवर चित्रण सुरू ठेवा. आधी बॉडीची खालची कड आणि पट्ट्याच्या बटणाभोवतीचा भाग बघा, कारण प्रवासात ठोका तिथेच बसतो आणि खडबडीत फिनिशवर ठोका चटकन दिसत नाही. बॅटरी तिरपी धरून उजेड पाडा. कारखान्यातला पोत सगळीकडे एकाच लयीत जातो, ठोक्याच्या जागी रेषा चेपलेल्या दिसतात. मग ब्रिजखाली कागद सरकतो का ते बघा. सरकला तर ब्रिज नीट बसलेला नाही. शेवटी गिटार गळ्यात अडकवा, कोपर टेकवा आणि तार न छेडता पाच मिनिटं नुसता हात हलवत राहा. कोपराखाली लाल रेघ उठली, तर परत पाठवायची मुदत संपायच्या आत पाठवून द्या.